वसईच्या विजयाचा जमाखर्च

पश्चिम रेल्वेच्या डहाणू लोकलने विरार मागे टाकले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्थानके लागत जातात. बोईसरला उतरणारा बहुतेक प्रवासी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे वळतो, काही जण अणुवीज केंद्राकडे जातात. रुळांपासून काही कोसांवर, समुद्राच्या काठाने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर आणि डहाणू या किल्ल्यांची रांग उभी आहे, याची आठवण फार थोड्यांना होते. पूर्वेकडे डोंगरात अशेरीगड आहे. जानेवारी १७३९ मध्ये हा सारा टापू रणभूमी झाला होता. पोर्तुगीजांविरुद्ध चिमाजी अप्पांनी चालविलेल्या मोहिमेचा निर्णायक टप्पा याच किनाऱ्यावर सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईच्या शरणागतीने तो संपला.

या विजयाची गाथा महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली आहे. तिचा जमाखर्च मात्र क्वचितच मांडला जातो. सागरापलीकडून आलेल्या, तोफा आणि तटबंदी यांत वरचढ असलेल्या सत्तेशी दोन वर्षे झुंजण्यासाठी पैसा आला कोठून, तो कोणी मोजला आणि त्याच्या मोबदल्यात काय पदरात पडले, हे प्रश्न आजही विचारण्याजोगे आहेत. परकीयांशी केलेल्या युद्धाचा खर्च रास्त होता की नाही, हे ठरविण्याची कसोटी कोणती, याचे उत्तर या एका मोहिमेच्या हिशेबातून बऱ्याच अंशी मिळते.

उत्तर प्रांताची मिळकत

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी डिसेंबर १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांना मिळाली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले आणि दोहोंच्या मधला किनारा हळूहळू त्यांच्या अमलाखाली आला. गोव्याच्या दृष्टीने हा ‘उत्तर प्रांत’. वसई ही त्याची राजधानी आणि तारापूर, माहीम, डहाणू हे दमणकडच्या अंगाचे सुपीक परगणे. भातशेती, नारळ-पोफळीच्या वाड्या, मिठागरे, मासळी आणि आतल्या डोंगरांतील सागवान ही इथली दौलत. या सागावर गलबते बांधली जात. अशेरीसारखा दुर्गम गड पोर्तुगीजांनी एवढ्या आटापिट्याने राखला त्याचे एक कारण हे जंगलच होते.

जमिनीची व्यवस्था मात्र विचित्र होती. गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांना आणि धर्मसंघांना साधारणतः तीन पिढ्यांच्या मुदतीने, नाममात्र खंडावर दिलेली असत. त्या बदल्यात धारकाने संरक्षणाचा भार उचलावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उत्पन्न धारकांच्या घरी आणि मठांकडे जाई, सरकारी तिजोरीत थोडेच उरे. अठराव्या शतकाच्या आरंभी गोव्याचे वैभव ओसरले होते. परिणामी श्रीमंत प्रांत आणि दरिद्री सरकार अशी स्थिती निर्माण झाली. किल्ल्यांच्या डागडुजीला पैसा नाही, शिबंदी अपुरी आणि तोफा आहेत तिथे गोलंदाज नाहीत, असा हा कारभार होता. ठाण्याचा नवा किल्ला बांधायला घेतला होता, पण १७३७ मध्ये मराठे चालून आले तेव्हाही त्याचे काम अपुरेच होते. संरक्षणावरचा खर्च वेळेवर न करणे हादेखील एक खर्चच असतो, आणि तो पुढे व्याजासह चुकवावा लागतो, याचे हे पहिले उदाहरण.

वखारीची मागणी

या युद्धाच्या कारणांत धर्मच्छळाच्या तक्रारी अग्रस्थानी होत्या. अंजूरच्या गंगाजी नाईक व त्यांच्या बंधूंनी साष्टीतील रयतेची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे पुण्याच्या कानी घातली होती. चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी यांचाही या मोहिमेसाठी आग्रह होता. परंतु आर्थिक कारणही तितकेच जुने होते. कल्याण मराठ्यांकडे आले तरी खाडीच्या तोंडाशी ठाणे आणि वसई पोर्तुगीजांची. देशावरून उतरणाऱ्या मालाला समुद्राची वाट परक्याच्या नाक्यावरूनच घ्यावी लागे.

इंग्रजी साधनांत अशी हकीकत येते की, पेशव्यांनी साष्टीत वखारीसाठी जागा मागितली होती. गोव्याचे व्हाइसरॉय काउंट सँडोमिल ती देण्यास अनुकूल होते. तथापि उत्तर प्रांताचा सेनापती लुइस बोतेल्यो याने पेशव्यांच्या वकिलाचा पाणउतारा केला आणि बोलणे फिसकटले. तपशिलात अतिशयोक्ती असू शकेल. पण एका वखारीची जागा आणि चार सभ्य शब्द यांची किंमत उत्तर प्रांतापेक्षा कितीतरी कमी होती, एवढे निश्चित.

तारापूरचा जानेवारी

एप्रिल १७३७ मध्ये ठाणे पडले आणि साष्टीचा बराच भाग मराठ्यांच्या हाती आला. त्याच वर्षी अर्नाळा बेटावर मराठ्यांनी किल्ला उभारला. पण वसई हाती येईना. १७३८ च्या आरंभी माहीमवर घातलेला घाव फसला आणि बरीच माणसे कामी आली. खुल्या मैदानात वाऱ्यासारखे धावणारे घोडदळ दगडी तटाखाली उभे राहिले की निरुपयोगी ठरते, हा धडा मराठ्यांना याच किनाऱ्यावर मिळाला. वर्षअखेरीस खुद्द चिमाजी अप्पा मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरले. वसई घ्यायची तर आधी तिचा उत्तरेकडचा आधार तोडायचा, हे धोरण ठरले.

जानेवारी १७३९ मध्ये डहाणू, माहीम, केळवे, शिरगाव अशी ठाणी भराभर पडली. तारापूरने मात्र कडवा प्रतिकार केला. सुरुंग लावून तट फोडावा लागला, खिंडारातून आत शिरलेल्या मावळ्यांना हातघाईची लढाई करावी लागली. या झटापटीत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीरावांच्या बालपणापासून पेशवे घराण्याशी जडलेला हा सरदार. त्यांच्या मातोश्रींना पेशवे घराण्याकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रव्यवहारात प्रसिद्ध आहे. एका राज्यकर्त्याने एका मातेला तिच्या मुलाच्या मृत्यूचा हिशेब द्यावा, असे कागद युद्धाच्या दप्तरात फारसे सापडत नाहीत. बाजी भिवरावांबरोबर पडलेल्या शिपायांच्या घरी मात्र असे पत्र गेले असेल असे नाही. त्यांची नावेही आज तारापुरात कोणी सांगू शकणार नाही.

तारापूर गेले आणि दमण-वसई दळणवळण तुटले. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला तो मेपर्यंत चालला.

पैसा कोठून आला?

मराठी राज्याची युद्धव्यवस्था मूलतः ‘मुलूखगिरी’वर उभी होती. फौज परमुलखात न्यायची, चौथ-सरदेशमुखी व खंडणी वसूल करायची आणि त्यातून फौजेचा खर्च भागवायचा, हे तिचे सूत्र. सरदारांना सरंजाम तोडून दिलेले असत, शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी येत आणि स्वारीस निघण्यापूर्वी त्यांना नालबंदीची आगाऊ रक्कम दिली जाई. दसऱ्याला निघालेली फौज पावसाळ्यापूर्वी परतली आणि येताना पैसा घेऊन आली तर गणित जुळे.

वेढ्याच्या युद्धात हे गणित कोसळते. तटाखाली बसलेल्या फौजेला रोज धान्य, वैरण आणि दारूगोळा लागतो. सुरुंग खणणारे, तोफा ओढणारे, होड्या वल्हवणारे, मोर्चे बांधणारे यांची मजुरी रोज चढत जाते. किल्ला पडेपर्यंत वसुलाची आशा नाही. भोवतीच्या मुलखातून खंडणी घ्यावी तर तो मुलूख आपणच आपल्या राज्यात घेऊ पाहत आहोत, ही अडचण. थोडक्यात, वसईची मोहीम ही स्वतःचा खर्च स्वतः भागविणारी स्वारी नव्हती, ती निव्वळ गुंतवणूक होती. आणि गुंतवणुकीला भांडवल लागते.

ते भांडवल कर्जाचे होते. पुण्या-साताऱ्याकडचे सावकार पेशव्यांना व्याजाने पैसा पुरवीत. ज्यांच्या आशीर्वादाचा या मोहिमेशी नेहमी संबंध जोडला जातो ते ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशव्यांचे धनकोही होते. त्यांच्याकडून बाजीरावांनी रकमा उचललेल्या होत्या आणि त्यांच्या फेडीबद्दल तगादेही होत. कर्जापायी आपली कशी दैना झाली आहे, सावकारांच्या पाया पडून पडून कसा थकलो आहे, हे बाजीरावांनी स्वामींना कळविलेले पत्र ग्रँट डफपासूनच्या सर्व इतिहासकारांनी उद्धृत केले आहे. उत्तरेत दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारा सेनापती पुण्यात सावकारांना तोंड चुकवीत होता, हे चित्र विसंगत वाटले तरी खरे आहे.

शत्रूकडून खर्च भरून घेण्याचा मार्गही अनिश्चित होता. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाला कोंडून बाजीरावांनी जो तह केला त्यात माळव्यासह बादशहाकडून ५० लाख रुपये युद्धखर्चापोटी मिळवून देण्याचे निजामाने मान्य केले होते. पण बादशहाची मान्यता येण्यापूर्वीच नादिरशहाची स्वारी झाली आणि हे वचन कागदावरच राहिले. विजयाच्या तहातील आकडा आणि तिजोरीत जमा झालेला आकडा यांत अंतर असते, ते असे.

दुसऱ्या बाजूची तिजोरी

तटाच्या आत परिस्थिती याहून बिकट होती. गोव्याहून मदत येण्याची आशा मावळली होती, कारण त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याच्या सासष्टीत घुसून मडगाव घेतले होते. राजधानीच धोक्यात आल्यावर प्रांताला कुमक पाठविणार कोण? वसईच्या अधिकाऱ्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे सैन्य, दारूगोळा आणि पैसा मागितला. इंग्रजांनी काही दारूगोळा दिला, सैन्य दिले नाही. पैशाचा प्रश्न आला तेव्हा १५ हजार रुपये दिले, पण उसने. आणि तेही चर्चमधील चांदीची उपकरणी व पितळी तोफा तारण घेऊन. दोनशे वर्षे या किनाऱ्यावर राज्य केलेल्या सत्तेला आपल्या उपासनेची भांडी गहाण टाकून शिबंदीचा पगार भागवावा लागला.

मुंबईचे इंग्रज स्वतः मात्र सावध होते. वसईची गत पाहून त्यांनी आपल्या कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरविले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी दिली. १५ हजारांचे सुरक्षित कर्ज आणि व्यापाऱ्यांच्या पैशाने झालेली तटबंदी हा या युद्धातला इंग्रजांचा ठळक खर्च. १७३९ च्या जुलैमध्ये कॅप्टन इंचबर्डने चिमाजी अप्पांशी तह करून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीकही मिळविली. दोन शेजारी लढून थकले, तिसऱ्याने गहाणखत लिहून घेतले.

पदरात काय पडले?

१६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. त्या उदार होत्या. पोर्तुगीज शिबंदीने शस्त्रांसह, वाजतगाजत, आपली चीजवस्तू व कुटुंबे घेऊन आठ दिवसांत निघून जावे, मागे राहणाऱ्यांना धर्मस्वातंत्र्य असावे, काही चर्च कायम राहावीत, असे ठरले. २३ मे रोजी शहर मराठ्यांच्या ताब्यात आले. या उदारतेचा कौतुकाने उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. पण खर्चाच्या अंगाने तिचा अर्थ असा की, वसईत लूट झाली नाही. कर्ज काढून लढलेल्या फौजेच्या हाती तोफा, दारूगोळा आणि देवळांत आजही दाखविल्या जाणाऱ्या घंटा आल्या, रोकड फारशी आली नाही.

खरी मिळकत मुलखाची होती. पोर्तुगीज हिशेबानुसार या युद्धात त्यांनी ८ शहरे, ४ मुख्य बंदरे, २० किल्ले आणि ३४० गावे गमावली. दमण आणि दीव सोडता उत्तर प्रांत नाहीसा झाला. १७४० मध्ये चौलही गेले. ज्या जमिनींचे उत्पन्न घराणी आणि मठ यांच्यात वाटले जाई त्यांचा वसूल आता सरसुभेदार शंकराजी केशव यांच्यामार्फत पेशव्यांच्या दप्तरी जमा होऊ लागला. वसई हे आरमाराचे ठाणे झाले. घाटावरून समुद्राकडे जाणारी वाट प्रथमच एका सत्तेच्या हाती आली. धर्मच्छळ थांबला, ही तर पैशात न मोजता येणारी जमा.

या बाजूने पाहिल्यास खर्च रास्तच होता. एकदाच केलेल्या खर्चातून दरसाल उत्पन्न देणारा सुपीक मुलूख मिळाला. दूरच्या खंडणीसारखी ही मिळकत दरवर्षी नव्या स्वारीने वसूल करावी लागणार नव्हती.

न मोजलेला खर्च

तथापि वहीत न चढलेल्या रकमाही होत्या. त्यांतली पहिली माणसांची. ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांनुसार एकट्या वसईच्या वेढ्यात मराठ्यांचे ५ हजारांहून अधिक लोक ठार व जखमी झाले, पोर्तुगीजांचे ८००. माहीम, तारापूर, वर्सोवा येथील हानी याहून वेगळी. सहा माणसांमागे एक, हा तटाच्या बाहेर उभे राहण्याचा भाव होता.

दुसरी रक्कम हुकलेल्या संधीची. १७३९ च्या फेब्रुवारीत नादिरशहाने कर्नाळला मोगल फौजेचा धुव्वा उडविला आणि दिल्ली लुटली. दक्षिणेतून मोठी फौज जमवून उत्तरेकडे जावे असा बाजीरावांचा विचार होता. पण उत्तम सरदार आणि तोफा वसईच्या दलदलीत गुंतल्या होत्या. ते तिथून सुटेपर्यंत नादिरशहा संपत्ती घेऊन परतीच्या वाटेला लागला होता. फौज मोकळी असती तर काय घडले असते, हे सांगता येणार नाही. पण एका आघाडीवर खर्च केलेला रुपया दुसऱ्या आघाडीवर उपलब्ध नसतो, हा नियम इथे स्पष्ट दिसतो.

तिसरी रक्कम कर्जाची. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले, डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पा. मोहिमेचे दोन्ही कर्ते दीड-दोन वर्षांत गेले आणि देणे कोवळ्या वयाच्या नानासाहेबांच्या शिरावर आले. सावकारांचा तगादा धन्याबरोबर मरत नाही.

राखणीचा खर्च

आणि तरीही, या जमाखर्चाचा निकाल १७३९ मध्ये लागत नाही. किनारा जिंकणे ही एक गोष्ट, तो राखणे ही दुसरी. किनाऱ्याची राखण आरमाराने होते आणि आरमार हा न संपणारा खर्च आहे. पेशव्यांनी वसईत आरमार ठेवले. परंतु मराठी राज्याचे सर्वांत अनुभवी आरमार आंग्रे घराण्याचे होते. १७५६ मध्ये नानासाहेबांनी तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांचे साह्य घेतले. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजींची गलबते जळून खाक झाली आणि किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कर्ज काढून मिळविलेल्या किनाऱ्याची कुंपणभिंत अशा रीतीने मालकाच्याच संमतीने पडली.

परिणाम दिसायला दोन दशकेही लागली नाहीत. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी वसई व साष्टी देऊ केली, शिवाय २,५०० इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि ६ लाखांचे जवाहीर अनामत ठेवले. चर्चची चांदी तारण ठेवून घेणाऱ्या मुंबईकरांनी आता पेशवे घराण्याचे जडजवाहीर तारण ठेवून घेतले. सावकार तोच, ऋणको बदलला. १७८० च्या डिसेंबरात गोडार्डने वसई जिंकली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच.

शेवटचा कागद वसईतच लिहिला गेला. यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. त्याअन्वये किमान ६ हजार तैनाती पायदळ कायमचे पदरी घ्यायचे आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. ज्या तटाखाली आजोबांच्या पिढीने परकी फौज घालविण्यासाठी कर्ज काढले त्याच तटाच्या आत नातवाने परकी फौज ठेवण्यासाठी मुलूख लिहून दिला. तारापूरच्या किल्ल्याचे प्राक्तन याहून वेगळे, पण तितकेच बोलके. बाजी भिवरावांचे रक्त सांडलेला तो कोट पुढे तारापूरचेच पारशी मक्तेदार व पेढीवाले विकाजी मेहेरजी यांच्या घराण्याकडे इनाम म्हणून गेला.

खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा?

युद्धखर्चाच्या समर्थनाचा प्रश्न पुढे ब्रिटिश अमलात निराळ्या रूपाने उभा राहिला. १८५८ च्या कायद्यातील ५५ व्या कलमाने, आक्रमण परतविण्याचा वा तातडीच्या गरजेचा प्रसंग वगळता, सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमांसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या संमतीवाचून वापरू नये असे म्हटले होते. तरीही साम्राज्याच्या परमुलखातील मोहिमांचा भार इथल्या करदात्यावर पडतच राहिला. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना लष्करी खर्चाच्या या वाटणीवरच बोट ठेवले. लाभ साम्राज्याला आणि बिल रयतेला, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंड, म्हणजे त्या काळचे सुमारे १५० कोटी रुपये, ‘देणगी’ म्हणून दिले. त्यासाठी युद्धकर्ज उभारले गेले. ठाणे जिल्ह्यातील शेतकरी त्या युद्धाविषयी विचारला गेला नव्हता, पण त्याच्या सारा-करांतून ते फिटणार होते.

अलीकडचे उदाहरण इराकचे. २००३ च्या युद्धापूर्वी अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी खर्चाचा अंदाज १०० ते २०० अब्ज डॉलर सांगितला, तेव्हा तो अवास्तव ठरविला गेला. जोसेफ स्टिग्लिट्झ व लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये मांडलेला हिशेब तीन लाख कोटी डॉलरचा होता. त्यात जखमी सैनिकांची आयुष्यभराची शुश्रूषा आणि कर्जावरचे व्याज धरलेले होते. पहिला अंदाज लढाईचा असतो, दुसरा युद्धाचा.

निष्कर्ष

वसईच्या मोहिमेला या उदाहरणांच्या शेजारी ठेवले की तिचे वेगळेपण आणि साम्य दोन्ही दिसते. वेगळेपण असे की, निर्णय घेणारे आणि धोका पत्करणारे एकच होते. चिमाजी अप्पा स्वतः छावणीत होते, कर्ज पेशव्यांच्या नावावर होते आणि मिळणारा मुलूख याच भूमीचा होता. या तिन्ही कसोट्यांवर तो खर्च समर्थनीय ठरतो. परप्रांतात दुसऱ्याच्या लाभासाठी रयतेच्या पैशाने लढलेली ती लढाई नव्हती.

साम्य मात्र शेवटाशी आहे. युद्धाचा खर्च लढाई संपली की संपत नाही. जिंकलेले राखण्याचा, माणसांच्या उणिवा भरून काढण्याचा, कर्ज फेडण्याचा खर्च पुढच्या पिढ्यांच्या माथी येतो. तो करण्याची तयारी नसेल तर पहिला खर्चही वाया जातो. १७३९ मध्ये सर्वाधिक रक्त आणि पैसा मराठ्यांनी ओतला, सर्वाधिक मुलूख पोर्तुगीजांनी गमावला आणि सर्वाधिक लाभ ज्यांनी जवळपास काहीच गुंतवले नाही त्या इंग्रजांच्या पदरात शेवटी पडला. चिमाजी अप्पांचा निर्णय चुकला नव्हता. त्यांच्यानंतरच्यांनी आरमाराचे खाते बंद केले, चूक तिथे झाली.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आज हे सारे किल्ले येतात. केळव्याच्या सुरूच्या बनात फिरायला येणारे, शिरगावच्या बुरुजावर चढणारे, तारापूरला कामासाठी ये-जा करणारे हजारो लोक रोज त्यांच्या जवळून जातात. या भिंतींना विजयाचे स्मारक म्हणून पाहणे योग्यच. पण त्या एका खातेवहीची पानेही आहेत, आणि तिच्यातली खर्चाची बाजू वाचल्याखेरीज जमेचा अर्थ लागत नाही.

ठळक घटना

१५३४ : वसई पोर्तुगीजांकडे
१७३७ : मराठ्यांचा ठाण्यावर हल्ला, मोहिमेस प्रारंभ
जानेवारी १७३९ : माहीम, तारापूर व परिसरातील किल्ले मराठ्यांकडे
मे १७३९ : वसईची शरणागती
१७५६ : विजयदुर्गचा पाडाव, आंग्र्यांच्या आरमाराचा नाश
१७७४ : साष्टी इंग्रजांकडे
१७८२ : सालबाईचा तह, वसई परत
१८०२ : वसईचा तह, तैनाती फौजेचा स्वीकार